डाव्या कोपऱ्यातला पंच

पेणला रामवाडीजवळचा एक फोटो स्टुडिओ गेल्या वर्षी बंद झाला. मालकांची सत्तरी उलटली होती, आणि पासपोर्टचे फोटो आता झेरॉक्सच्या दुकानातही निघतात. सगळं पेण त्यांना काका म्हणतं. लग्नं आणि बारशी हा त्यांचा धंदा. उरलेल्या वेळात ते कॅमेरा घेऊन खाडीवर, नदीवर, मैदानांवर जात. ती चित्रं कुणी मागितलेली नसत आणि कुणी विकतही घेत नसे. स्टुडिओचं सामान हलवताना ती एकत्र सापडली, तेव्हा त्यांच्या मुलीने प्रदर्शन भरवायचं ठरवलं. एका शाळेचा हॉल शनिवार-रविवारसाठी मिळाला. मी पूर्वी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते, आता पेणलाच राहते; म्हणून चित्रं निवडण्याचं आणि त्यांच्या खालच्या ओळी लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

निवड काकांच्या घरी दुपारची चालायची. डेस्कवर चित्र बघायची एक सवय लावली जाते: आधी कडा बघायच्या, मग मध्य. मधलं सगळ्यांनाच दिसतं. कडेला मात्र कुणाचा अर्धा हात, एखादी चप्पल, दुकानाची पाटी राहून गेलेली असते, आणि ती ठेवायची की कापायची हे छापण्यापूर्वी ठरवावं लागतं. काकांना ही पद्धत आवडली नाही. "तुम्ही चित्र बघता का झडती घेता?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

चित्रं चांगली होती. काही फार चांगली होती. मिठागराच्या एका चित्रात पाण्याचे करडे चौकोन लांबवर गेलेले आहेत आणि एकाच चौकोनात बगळा उभा आहे. वाऱ्याने पाणी हलल्यामुळे त्याचं प्रतिबिंब तुकड्यातुकड्यांत पडलं आहे. डोलवीच्या रस्त्यावर कंपनीची शिफ्ट सुटल्यावरची गर्दी आहे. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, फक्त एकाने ते उलटं करून हातात धरलं आहे आणि त्यात टोमॅटो घेतले आहेत. रोह्याला कुंडलिकेत कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली आदिवासी वाडीतली एक बाई दगडाखाली हात घालून मासा चाचपते आहे. तिचं तोंड वर आहे आणि डोळे मिटलेले, कारण त्या वेळी बघायचं काम बोटांचं असतं. त्या चित्रापाशी मी बराच वेळ थांबले. काका म्हणाले, "ती मला ओरडली होती. मासा गेला म्हणून."

या सगळ्यांत एक कबड्डीचं चित्र होतं, आणि ते पेण तालुक्यातल्या पुष्कळांना पाठ होतं.

ते बारा वर्षांपूर्वीचं आहे. पेणच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या, एका गावात देवीच्या जत्रेला कबड्डीचे सामने होते. अंतिम सामना यजमान गावाचा आणि रोह्याहून आलेल्या संघाचा. नेमलेले पंच आले नाहीत. कुणाला उभं करायचं यावर वाद झाला आणि दोन्ही कप्तानांनी एक नाव मान्य केलं: यजमान गावाचा जावई. माणूस रोह्याचा, पूर्वी स्वतः खेळलेला, पंचाची परीक्षा दिलेला, आणि त्या दिवशी सासुरवाडीला जत्रेचं जेवायला आलेला. जो दोन्हीकडचा आहे तो कुणाचीच बाजू घेणार नाही, असा दोन्ही गावांनी हिशेब केला. जावयाला कुणी शिवी देणार नाही, हाही त्यात एक फायदा धरला होता.

शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत होते. चढाईला गेला तो त्या जावयाचा मेहुणा, म्हणजे बायकोचा सख्खा भाऊ. त्याला पाच जणांनी धरलं. पाच जणांना ओढत तो मध्यरेषेपर्यंत आला आणि हात लांब केला. हात रेषेला टेकला असता तर गाव जिंकलं असतं. पंचाने बाद दिला.

काका त्या वेळी मैदानात पालथे पडलेले होते. चित्रात पुढे एक हात आहे, भिंगाच्या दिशेने ताणलेला, बोटं पसरलेली. हातामागे दात आवळलेला चेहरा, त्यामागे पाच माणसांचा ढीग. बोटांपुढे रेषा आहे, पण ती रेषा राहिलेली नाही. पांढरा धुरळा आहे. दुसरं चित्र नाही. पुढच्या क्षणी माणसं उठली आणि काकांच्या समोर नुसत्या पाठी आल्या.

दुसऱ्या दिवशी ते चित्र वर्तमानपत्रात उभ्या आकारात आलं: हात आणि चेहरा. चढाई करणाऱ्याने ते कापून, लॅमिनेट करून घराच्या दर्शनी भिंतीवर लावलं. हात टेकला होता, यावर तो ठाम होता. पण त्याचा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता. तो म्हणायचा, चूक कुणाचीही होते. पण हा बघतच नव्हता. मी मान वर केली तर हा सरळ उभा आणि तोंड रोह्याच्या पोरांकडे. न बघता बाद दिला.

तेव्हापासून त्याने रोह्याला बहिणीच्या घरी पाऊल टाकलं नाही. भाऊबिजेला ती पेणला यायची, एकटी. जावई येत नसे.

प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात ही बहीण काकांच्या घरी आली. हातात लग्नाच्या पत्रिकांची पिशवी होती. तिच्या मुलीचं लग्न रोह्याला ठरलं होतं आणि ती माहेरची आमंत्रणं करत फिरत होती. काकांना पत्रिका दिली, पाणी प्यायली आणि मग माझ्याकडे वळली.

"ताई, तो कबड्डीचा फोटो लावताय ऐकलं."

"लावतोय."

"नका लावू."

काका म्हणाले, "काय गो, माझ्या जन्मातला एकच फोटो धड आलाय."

"तुमचा धड आला, काका, आमचं घर मोडलं त्यात." तिने पिशवी मांडीवर घेतली. "भावाला पत्रिका दिली काल. घेतली, पाण्याच्या तांब्याखाली ठेवली आणि म्हणाला, बघू. मी म्हटलं, बघू काय? पोरीला बोहल्यावर मामा आणतो. पिवळी साडी मामाची असते. ती काय मी दुकानातनं आणून मामाची म्हणू? तर गप. आता बघू म्हणजे नाय नव्हे. निदान बघू तरी म्हणाला. त्यात तुम्ही फोटो टांगलात की गाव येणार बघायला, पुन्हा टेकला-नाय टेकला सुरू होणार, आणि मग बघूचं नाय होणार."

तिचं म्हणणं स्पष्ट होतं. काकांनी चित्र संगणकावर उघडलं. बहुतेक ते काढून टाकायचं ठरवण्यापूर्वी त्यांना एकदा बघायचं असावं. तिने ते वर्तमानपत्रात पाहिलेलं होतं आणि भावाच्या भिंतीवर वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. आता पडद्यावर आलं ते आडवं होतं.

तिने हाताकडे बघितलंच नाही. हात तिला पाठ होता. ती डावीकडे बघत होती.

"हा कोण?"

डाव्या कोपऱ्यात, रेषेच्या टोकाला, एक माणूस जमिनीवर आहे. दोन्ही गुडघे टेकलेले, एक तळहात मातीत, गाल जवळजवळ जमिनीला लागलेला. शिट्टी तोंडात नाही, गळ्यात लोंबते आहे. तो बोटांकडे बघतो आहे. मी निवड करताना कडा बघितल्या होत्या आणि तो मला दिसला होता. पंच, एवढीच नोंद मी मनात केली होती. वर्तमानपत्रात उभ्या आकारासाठी तो भाग कापला गेला होता. त्यात कुणाचा काही हेतू नव्हता. दोन कॉलमात माणूस बसत नव्हता.

"मोठं करा," ती म्हणाली.

काकांनी कोपरा मोठा केला. माणसाची पॅन्ट काळी होती, पंचाची पांढरी नव्हे, कारण तो त्या दिवशी पाहुणा म्हणून आला होता. गुडघ्यापाशी ती पांढरी झाली होती.

"अगो बाई," ती म्हणाली. मग बोलली ते आमच्याशी नव्हे, पडद्याशी. "नवीन होती. जत्रेला म्हणून शिवलेली. घरी आल्यावर मी विचारलं, गुडघे कशाने भरले? म्हणाले, पडलो. मी रात्रभर भिजत घातली तर सकाळी दोन्ही गुडघ्यांचा दगड. काय पण केलं तरी निघेना. पायपुसणंसुद्धा झालं नाय तिचं."

दगड का झाला, ते काकांनी सांगितलं. त्या दिवशी मैदान आखायला चुना कमी पडला होता. चढाई करणारा तो भाऊ पेणला गणपतीच्या कारखान्यात साचेकाम करतो. कारखान्यात मूर्ती भरून उरलेल्या प्लास्टरची एक गोणी पडून होती, ती त्याने मोटरसायकलवरून आणली आणि मध्यरेषा त्याच प्लास्टरने आखली गेली. प्लास्टरला पाणी लागलं की ते धरतं, घट्ट होऊन बसतं.

"त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नाही, की मी वाकून बघत होतो?" मी विचारलं.

"नाय. एकदाच म्हणाले, पंचाने दिला तो दिला, पुरावा देत बसला तर तो पंच कसला. मग मी पण विषय काढला नाय." ती उठली. पिशवी खांद्याला लावली. "लावा फोटो. मोठा लावा. ह्या भिंतीएवढा लावा."

"भावाला सांगाल?"

"मी सांगून काय? म्हणेल, नवऱ्याची बाजू घेतेस. त्याचं त्याला दिसलं तर दिसलं." दारापर्यंत जाऊन ती वळली. "ताई, खाली लिहाल का, की पंच बघत होता म्हणून?"

मी नाही म्हटलं. चित्रात जे दिसतं ते खालच्या ओळीत पुन्हा सांगायचं नसतं, आणि जे दिसत नाही ते तर मुळीच लिहायचं नसतं. तिला ते पटलं नाही, पण तिने वाद घातला नाही. मी लिहिलेली ओळ अशी होती: कबड्डीचा अंतिम सामना, शेवटची चढाई, पेण तालुका.

शनिवारी हॉलमध्ये गर्दी बरी होती. लोक बगळ्यापाशी थांबत, हेल्मेटातल्या टोमॅटोंना हसत, आणि कबड्डीपाशी भांडत. भाऊ आला नाही. त्याच्या गावची माणसं आली, बघून गेली आणि उद्या त्याला घेऊन येतो म्हणाली. मला ते वचन वाटलं नाही.

रविवारी दुपारी तो आला. पन्नाशीच्या अलीकडचा, रुंद खांद्यांचा माणूस, नखांच्या कडांना कारखान्याचं पांढरं. बरोबर गावच्या संघाचा तेव्हाचा कप्तान होता, जो आता डोलवीला कंपनीत कंत्राटी कामाला जातो. चित्रासमोर आधीच चारपाच जण उभे होते आणि त्यांत एक रोह्याकडचा होता.

कप्तानाने लांबूनच सुरुवात केली. "हे बघा! टेकलाय का नाय? काकांनी पुरावाच टांगलाय."

"कुठं टेकलाय?" रोह्याकडचा म्हणाला. "मधनं बोट जाईल."

"तुमचं जाईल. तुमच्याकडं खायला नाय मिळत, बोटं बारीक."

लोक हसले. कुणीतरी काकांना निकाल विचारला. काका खुर्चीवरून उठलेच नाहीत. "माझ्या कोनातनं काय कळत नाय रे. मी समोर पालथा पडलेलो. समोरनं काढलं की लांबचं-जवळचं एकच दिसतं. आणि रेषा कुठाय? धुरळाय नुसता."

"म्हणजे बारा वर्षं आम्ही धुरळ्यावर भांडतोय?" कप्तान म्हणाला.

भाऊ तोवर चित्रापाशी पोचला होता. त्याने चित्र जवळून बघितलं, आणि बाकीच्यांसारखंच त्यानेही आधी हाताकडे बघितलं. मग दोन्ही तळहात उभे करून चित्राच्या दोन बाजू झाकल्या. मधे उरला तो हात आणि चेहरा.

"पेपरात एवढाच होता," तो म्हणाला.

"एवढाच," काका म्हणाले. "बाकीचा त्यांनी कापला."

त्याने उजवा तळहात काढला. उजवीकडे प्रेक्षकांचे पाय होते. मग डावा काढला.

तो किती वेळ बघत होता ते मी मोजलं नाही. कप्तानाच्या लक्षात थोडं उशिरा आलं. तो पुढे वाकला. "आयला, हे जावई की. गुडघ्यावर हायत." मग भावाकडे बघून, आवाज उतरवून: "तू तर म्हणायचास तो उभा होता. रोह्याच्या पोरांकडं बघत होता."

"मी मान वर केली तेव्हा होता उभा."

"मान वर करायला तुला किती वेळ लागला? अंगावर पाच जण होते."

बोट चित्रापासून थोडं लांब ठेवून भावाने काळ्या पॅन्टचा गुडघा दाखवला. "हे माझं प्लास्टर हाय," तो म्हणाला. कप्तानाला कळलं नाही. "गोणी मी आणलेली. काळ्यावर बसलं की निघत नाय ते. आमच्या किती पॅन्टी गेल्यात." आणि पुन्हा म्हणाला, "निघत नाय ते."

लोक पुढच्या चित्राकडे सरकले. तो मागे राहिला. खिशातून फोन काढला, चित्रासमोर धरला, मागेपुढे झाला. मी बाजूलाच उभी होते, त्यामुळे पडद्यावर काय येत होतं ते दिसलं. त्याने फक्त डावा कोपरा घेतला. गुडघे टेकलेला माणूस, आणि चौकटीच्या उजव्या कडेला कुणाच्या तरी दोन बोटांची टोकं. ती त्याची स्वतःची होती. डेस्कवर ती कापली गेली असती. त्याने राहू दिली की ती त्याला दिसली नाहीत, हे सांगता येत नाही. मग त्याने काहीतरी टाइप केलं आणि तो फोटो कुणाला तरी पाठवला.

बाहेर पडताना तो माझ्यापाशी थांबला. आमची ओळख नव्हती. हॉलमध्ये बाई म्हणून त्या वेळी मीच होते.

"पिवळी साडी पेणला बरी मिळते का रोह्याला?"

"पेणला," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. दारात चपला घालताना कप्तानाला म्हणाला, "पण टेकला होता." ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

लग्नाला काकांबरोबर मीही गेले. रोह्याला नदीच्या बाजूचं एक कार्यालय होतं. फोटो काढायला रोह्याचेच दोन तरुण होते आणि त्यांच्याकडे डोक्यावरून उडणारा कॅमेराही होता. काका कॅमेरा न आणता आले होते आणि हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. मुलगी पिवळ्या साडीत मामाबरोबर आली. मामाने कोपराशी हात धरला होता आणि तो गंभीर होता. चढाईला जाणाऱ्या माणसाची चाल थोडी राहिलेली होती. बोहल्यापाशी मुलीचा बाप उभा होता. काळ्या पॅन्टमध्ये नव्हे, धोतरात.

भटजींचं काहीतरी शोधायचं राहिलं होतं आणि सगळे थांबले. अंतरपाट धरून दोघे ताटकळले. तेवढ्यात मामा मोठ्याने म्हणाला, "भावजी, शिट्टी मारा की. भटजी टाइमपास करतायत."

"आज मी पंच नाय," बाप म्हणाला. "आज तुम्ही सांगाल तसं."

बाराएक वर्षांत त्या दोघांत झालेलं हे पहिलं बोलणं असावं. माहेरच्या बायका हसल्या. बहिणीने मुलीच्या मुंडावळ्या सारख्या केल्या. त्या सारख्याच होत्या.

पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर घरच्यांची शेवटची पंगत बसली आणि काकांना व मला तिच्यात बसवलं. केळीची पानं होती. मेहुणा आणि पंच शेजारी बसले होते, ते कुणी बसवलं म्हणून नव्हे, तर जागाच तेवढ्या उरल्या होत्या. वरण यायला वेळ होता.

"भावजी, आता खरं सांगा," मेहुणा म्हणाला. "टेकला होता?"

"नाय."

"टेकला होता."

"अहो, मी गाल जमिनीला लावून बघितलंय."

"ते बघितलं मी. बघत होतात ते मान्य. पण बघून चुकलात."

"बरं, दाखवा."

मेहुण्याने पानावरचं मीठ चिमटीत घेतलं आणि पंचाच्या पानावर त्याची एक रेघ ओढली. रेघ सरळ आली. मैदान आखल्याची सवय दिसली. मग उजवा हात पालथा करून बोटं पसरली आणि रेघेपाशी ठेवली. "माझा हात असा होता. आणि तुम्ही तिकडनं."

पंच पानावर वाकला. खरोखर वाकला, गाल पानाला लागेल इतका. "इथं होता," असं म्हणून त्याने मेहुण्याचं मनगट धरलं आणि हात थोडा मागे ओढला.

"इथं," मेहुण्याने हात पुन्हा पुढे नेला.

"इथं."

काकांचा हात गळ्याशी गेला, जिथे कॅमेऱ्याचा पट्टा असायचा, आणि परत मांडीवर आला. बहीण भाताचं पातेलं घेऊन ओळीतून येत होती. ती दोघांसमोर थांबली. मिठाची रेघ बघितली, दोन हात बघितले.

"हात काढा," ती म्हणाली, आणि दोघांनी काढले. तिने मूद बरोबर त्या रेघेवर वाढली आणि पुढच्या पानाकडे गेली.